खाड्याची वही

मार्च महिना आला की आमच्या ऑफिसात गरिबांचा सीझन सुरू होतो. हसू नका, खरंच सांगतेय. मी एका कंपनीच्या सीएसआर डिपार्टमेंटमध्ये आहे (कायद्याने नफ्यातला जो वाटा समाजकामावर खर्च करावा लागतो, तो आम्ही संस्थांना देतो), लोअर परळला, काचेची बिल्डिंग, खाली दोनशे रुपयांची कॉफी आणि कंपाउंडमध्ये एक जुनी गिरणीची चिमणी नुसती शोभेला ठेवलेली. ३१ मार्चच्या आत पैसे खर्ची पडले पाहिजेत, उरले तर वेगळ्या खात्यात टाका नाहीतर सरकारी फंडात भरा, शिवाय का उरले ते बोर्डाच्या रिपोर्टात लिहा, त्यामुळे उरलेले कोणालाच नको असतात. मग फेब्रुवारीपासून आमचे संस्थांना फोन आणि संस्थांचे आम्हाला. फोटो पाठवा, सीएचं सर्टिफिकेट पाठवा, आणि मुख्य म्हणजे लाभार्थी किती झाले ते सांगा. माझ्या एक्सेलमध्ये 'लाभार्थी' नावाचा एक हिरवा कॉलम आहे, वर्षभर मी त्या कॉलमची चाकरी करते असं म्हटलं तरी चालेल.

या मार्चमध्ये आई माझ्याकडे राहायला होती, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर पट्टी. रात्री मी लॅपटॉप घेऊन बसले की ती शेजारी येऊन दुसऱ्या डोळ्याने स्क्रीनकडे बघत बसायची (डॉक्टरांनी नको सांगितलं होतं, पण आमची आई). एक दिवस म्हणाली, हे काय गं? मी म्हटलं, ही संस्था, हा त्यांचा अभ्यासवर्ग, ही आलेली मुलं.

"आणि न आलेली?"

"ती कशाला लिहायची?"

"मग खाडे कुठे मांडतेस?"

आता खाडा म्हणजे काय हे आजकालच्या पोरांना सांगावं लागेल. कामाला दांडी मारली की खाडा, खानावळीत जेवायला आला नाही की खाडा. महिन्याच्या शेवटी खाडे मोजून पैसे वजा व्हायचे. आमच्या घरात हा शब्द आजीपासून आलाय. आजीची खानावळ होती डिलाईल रोडला, खानावळ म्हणजे काय तर एक खोली, त्यातच आम्ही म्हणजे तेव्हा माझे बाबा आणि त्यांची भावंडं राहायची, आणि त्यातच वीस-बावीस गिरणी कामगार पाळीप्रमाणे जेवून जायचे. बहुतेक सगळे कोकणातले नाहीतर घाटावरचे, बायकापोरं गावी, स्वतः गाळ्यावर दहा-पंधरा जणांत झोपणारे. आजी त्यांना मेंबर म्हणायची. भाकरी, कालवण, कधी सुकट, रविवारी मटण. पहिल्या पाळीचा डबा पहाटे, रातपाळीवाले सकाळी येऊन जेवून झोपायला जायचे, म्हणजे चूल विझायचीच नाही.

आजीला लिहिता येत नव्हतं. बाबा मेंबरांची नावं एकाखाली एक लिहून द्यायचे आणि आजी रोज त्यापुढे खूण करायची, जेवला तर उभी रेघ, नाही आला तर गोल. ती खाड्याची वही. आणि तिचा नियम असा की सलग दोन गोल पडले की कोणाला तरी गाळ्यावर पाठवायचं, बघून ये रे, ताप आलाय का, गावाला गेला तर सांगून का नाही गेला. पैसे बुडायची भीती असणारच, ती काही संत नव्हती. पण बाबा सांगतात की एका मेंबरला कावीळ झालेली ती अशीच दोन गोलांवरून कळली.

बाकी सगळं उधारीवर. वाण्याचं बिल, सावकाराचं व्याज, मंगळसूत्र कधी गळ्यात तर कधी गहाण. अशा बायका गिरणगावात हजारोंनी होत्या आणि बँकेच्या दृष्टीने त्या अस्तित्वातच नव्हत्या, कारण तारण काय ठेवणार, तवा? १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांसाठी. प्रेमाताई गोवा मुक्तिसंग्रामात लढलेल्या, पुढे गिरणगावात कामगार चळवळीत आलेल्या. त्यांनी काय केलं तर बायकांचे गट केले, एकमेकींना जामीन राहायचं, आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात जाऊन उभं राहायचं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ ला झालेलं, कागदावर गरिबांना कर्ज द्यायचं धोरण आलेलं, पण कागद आणि खानावळवाली यांच्यामध्ये कोणीतरी माणूस लागतो ना. मंडळाने स्वतःच्या खिशातले पैसे वाटले नाहीत. बँकेतच पडलेले पैसे त्यांनी या बायकांपर्यंत यायला लावले. आजीला पहिलं कर्ज मिळालं ते असंच, तिने त्यातनं वाण्याचं देणं फेडलं आणि एक मोठं पातेलं घेतलं. ते पातेलं अजून आहे आमच्याकडे, लग्नाकार्यात शेजारचे मागून नेतात.

मग १८ जानेवारी १९८२. संप. अडीच लाख कामगार बाहेर, मेंबरांचे पगार बंद, आधी सहा महिने आजीने उधारीवर जेवायला घातलं, नंतर मेंबरच गावी निघून गेले. वहीत नुसते गोल. काही वर्षांत खोलीची पागडी घेऊन आम्ही विक्रोळी पार्कसाईटच्या डोंगरावर आलो, माझा जन्म तिथलाच. डोंगर म्हणजे फोटोत छान दिसतो. पाणी चढत नाही. खालच्या नळावरनं हंडा डोक्यावर घेऊन पायऱ्या चढायच्या, पावसाळ्यात त्याच पायऱ्यांवरून नाला वाहतो.

संस्था प्रकरण आमच्या वस्तीत आलं ते १९९६-९७ च्या सुमाराला. संस्थेचं नाव नाही सांगत, कारण पुढे थोडं वाईटही बोलणार आहे. एक ताई खांद्याला शबनम लावून दर मंगळवारी यायच्या. पहिले चार-पाच महिने त्यांनी काहीच केलं नाही, नुसत्या यायच्या, ओट्यावर बसायच्या, चहा प्यायच्या, कोणाकडे किती पोरं आहेत विचारायच्या. वस्तीत लोकांना वाटलं कुटुंबनियोजनवाली असेल. मग त्यांनी आईला विचारलं, तुम्ही दहावी ना, बालवाडी घ्याल का. आई म्हणाली मला नाही जमणार. आजी आतनं म्हणाली, जमेल तिला. महिना तीनशे रुपये मानधन ठरलं. जागा गणपती मंडळाची खोली, मंडळवाल्यांनी आधी नाही म्हटलं, मग त्यांचीच पोरं बालवाडीत घालायची तयारी झाल्यावर हो म्हटलं, फक्त गणपतीत दीड महिना खोली रिकामी करून द्यायची.

हे मॉडेल तेव्हा मुंबईत बऱ्याच ठिकाणी चालू होतं. १९९५ मध्ये युनिसेफच्या पुढाकाराने 'प्रथम' सुरू झाली, माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ती उभी केली, आणि त्यांचं म्हणणं सरळ होतं की इमारत बांधत बसू नका, देवळात, मशिदीत, मंडळाच्या ऑफिसात, कोणाच्या घरात, जिथे जागा मिळेल तिथे वस्तीतलीच शिकलेली बाई बसवा आणि वीस पोरं गोळा करा. ऐकायला अगदी फालतू वाटतं. पण विचार करा, महापालिकेची शाळा होती, मास्तर होते, फळा होता, फक्त आमची पोरं सहाव्या वर्षी तिथे जाऊन बसायची तेव्हा त्यांनी आयुष्यात खडू हातात धरलेला नसायचा. पहिलीत बावरायची, तिसरीत गळायची. मध्ये एक पायरी हवी होती, ती तीनशे रुपयांत मिळाली.

आईला संस्थेने रजिस्टर दिलं. हजर, गैरहजर. आणि आईने काय केलं असेल, सासूच्या वहीचा नियम लावला. सलग दोन दिवस गैरहजर की तिसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर त्या घरी. मला बरोबर न्यायची, मी सात-आठ वर्षांची, कंटाळा यायचा. आता वाटतं की मुंबईबद्दल मला जे काही कळतं ते त्या फेऱ्यांमध्ये कळलं. एक पोरगी येत नव्हती कारण आई धुणीभांड्याला जाते आणि तान्हं बाळ हिच्याकडे, मग आई म्हणाली बाळासकट ये, आणि खरंच ती कडेवर बाळ घेऊन यायला लागली, बाळ पेंगायचं, ती गाणी म्हणायची. एका पोराला चप्पल नव्हती आणि दुपारी पायऱ्या तापायच्या. एकीचं घर पाडलं होतं, ती लोकं मानखुर्दच्या पुढे कुठेतरी गेली, आईने तिच्या नावापुढे 'गेली' लिहिलं आणि शेजारणीला विचारून कुठे गेली तेही लिहिलं. रजिस्टरात त्याच्यासाठी रकाना नव्हता, आईने समासात लिहिलं.

वाईटाचं सांगते म्हटलं होतं. एकदा वरून पाहुणे येणार होते, परदेशी, ज्यांचे पैसे ते. ताईंनी आदल्या दिवशी सांगितलं की शेजारच्या गल्लीतली पोरं पण आणून बसवा, खोली भरलेली दिसली पाहिजे. आईने बसवली. खाऊ वाटला, फोटो झाले, पाहुणे खूश. रात्री तिने रजिस्टर उघडलं आणि त्या दिवशीचं पान कोरं सोडलं. ताईंनी विचारलं तर म्हणाली, खरी हजेरी लिहिली तर तुम्हाला चालणार नाही आणि खोटी मला लिहिता येत नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं झाली या गोष्टीला, अजून तिला ते खुपतं.

आणि बघा ना, प्रथमनेच पुढे देशभरात हेच केलं, म्हणजे खाडे मोजले. २००५ पासून 'असर' नावाचा सर्व्हे. गावोगावी जाऊन, घरी बसलेल्या मुलापुढे एक कागद धरायचा, अक्षर, शब्द, चार ओळींचा परिच्छेद, आणि एक छोटी गोष्ट, बस. सरकारच्या पटावर ९५ टक्क्यांच्या वर मुलं शाळेत, सगळं छान, आणि हा कागद धरला की कळलं पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येत नाही. मूल बाकावर बसलेलं आहे आणि तरी खाडा आहे. शिक्षणखात्यातल्या लोकांना ते आवडलं नसणारच, पण त्यानंतर शिकण्याबद्दल बोलताना नुसता पट सांगून भागेनासं झालं.

मला कामामुळे धारावीत जायला मिळतं अधूनमधून. तिथे 'स्नेहा' काम करते, ही संस्था १९९९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. त्या सायन हॉस्पिटलमध्ये नवजात बाळांच्या डॉक्टर होत्या, पुढे तिथल्या डीन झाल्या, आशियातली पहिली मानवी दूध पेढी त्यांनी तिथेच १९८९ मध्ये सुरू केली होती. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर हॉस्पिटलात बाळं वाचवली त्यांनाच कळलं की बाळ हॉस्पिटलात पोचेपर्यंत उशीर झालेला असतो, आपणच गल्लीत गेलं पाहिजे. कुपोषण शोधायची एक पट्टी असते, दंडाला गुंडाळायची, लाल-पिवळी-हिरवी. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली दंड भरला की लाल, साडेबारापर्यंत पिवळा. किंमत काही नाही त्या पट्टीची. पण ती घेऊन माळ्यावरच्या खोलीत शिडीने चढून जायला कोणीतरी बाई लागते. अंगणवाडीत ज्या आया मूल घेऊन येतात त्यांचं मूल बहुतेक वेळा बरं असतं हो, जी येतच नाही तिच्या घरी शिडी चढायची. परत तेच, खाडा.

आता संडासाकडे येते. संडासाशिवाय मुंबईच्या वस्तीबद्दल लिहिणं म्हणजे लोकलशिवाय लिहिणं.

आमच्याकडे पालिकेचा जुना संडास होता, दहा सीट, त्यातल्या तीन-चारांना दारं. बायका पहाटे अंधारात डोंगराच्या मागे जायच्या, चौघी-पाचजणी मिळून, एक टॉर्च. दिवसभर पाणी कमी प्यायचं म्हणजे जायला लागणार नाही, हे आम्हाला लहानपणी शिकवलेलं, जसं बाकीच्यांना दात घासायला शिकवतात तसं. मग १९९० च्या दशकाच्या शेवटी जागतिक बँकेच्या पैशातनं पालिकेची झोपडपट्टी स्वच्छतेची योजना आली, ५० माणसांमागे एक सीट असा हिशोब, पण अट अशी की वस्तीने आधी समिती करायची, माणशी १०० रुपये भरायचे, आणि बांधून झाल्यावर पाणी-लाईट-साफसफाई सगळं समितीने चालवायचं. पालिका बांधणार, वस्ती सांभाळणार, आणि मध्ये लोकांना जमवायला, भांडणं सोडवायला संस्था.

आईसकट सात बायकांनी ते शंभर-शंभर गोळा केले. किती महिने लागले विचारू नका. लोक म्हणायचे संडासाला कोण पैसे देतं, सरकारचं काम आहे. समिती रजिस्टर झाली तेव्हा अध्यक्ष पुरुष, सेक्रेटरी पुरुष, खजिनदार पुरुष, आणि दारोदार वसुलीला बायका, ते एक असोच. पण ब्लॉक उभा राहिला. बायकांचा दरवाजा वेगळा. दिवा. वर केअरटेकरची खोली. आणि लहान मुलांच्या वेगळ्या बुटक्या सीट, ही मला आजही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते, कारण मोठ्यांच्या लायनीत पोरांना कोणी पुढे जाऊ देत नाही, घाईची सकाळ असते, मग पोरं गटाराच्या कडेला बसतात, आणि मोठ्या सीटच्या भोकाची त्यांना भीती पण वाटते. हे इंजिनिअरला सुचत नाही, हे बायकांना विचारल्यावर कळतं. २००५ पर्यंत या योजनेत मुंबईभर असे ३०० च्या वर ब्लॉक आणि ५ हजारांच्या वर सीट झाल्या. सगळे चालले नाहीत. काही ठिकाणी समितीच्या नावाखाली कोणा दादाने गल्ला मांडला, काही ठिकाणी पाण्याची लाईनच आली नाही, टाकी भरली की उपसायला गाडी गल्लीत शिरत नाही.

त्या कामात एक मोठं नाव 'स्पार्क'चं, आणि त्यांची गोष्ट भायखळ्याच्या फुटपाथवर सुरू होते. १९८१ मध्ये फुटपाथवरची लोकं बसमध्ये भरून शहराबाहेर सोडायचा प्रकार झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ओल्गा टेलिस खटला म्हणून प्रसिद्ध आहे. जुलै १९८५ मध्ये निकाल लागला की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, वा वा, पण नोटीस देऊन हटवता येईल, फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत म्हणजे पाऊस संपेपर्यंत थांबा. स्पार्क १९८४ मध्ये सुरू झालेली, अगदी नवीन संस्था. त्यांच्याकडे ना घरं होती ना वकिलांची फौज. फुटपाथवरच्या बायकांना घेऊन त्यांनी मोजणी केली. भायखळ्याच्या बाजूची सुमारे ६ हजार कुटुंबं. कुठून आलात, किती वर्षं झाली, काय काम करता, कामाला कसे जाता. उत्तर आलं की चालत. म्हणजे हे लोक फुटपाथवर का राहतात तर कामाच्या जागी चालत जाता येतं म्हणून, भाड्याला आणि तिकिटाला पैसे नाहीत म्हणून. पालिकेकडे झोपडपट्ट्यांची निदान यादी तरी होती, फुटपाथवाले कुठल्याच यादीत नव्हते. आधी मोजायचं, मग मागायचं.

त्याच बायकांचं 'महिला मिलन' झालं, रोज दोन-पाच रुपये बचत गोळा करणारं. जोडीला जॉकिन अर्पुथम यांची झोपडपट्टीवासीयांची राष्ट्रीय फेडरेशन. जॉकिन स्वतः चेंबूर-ट्रॉम्बेकडच्या जनता कॉलनीतले, ती वस्ती १९७६ मध्ये उठवली आणि लोकांना चीता कॅम्पला टाकलं. त्यांना २००० साली मॅगसेसे मिळालं, २०१८ मध्ये गेले. आणि या बायकांनी आपल्याला कसलं घर हवंय ते ठरवायला लाकडं आणि कापड लावून पूर्ण मापाच्या घरांची मॉडेल उभी केली, आत शिरून बघायचं, चूल इथे, माळा इतका उंच. मला तो प्रकार भयंकर आवडतो. आमच्याकडे आर्किटेक्ट पीपीटी दाखवतो.

आता कोणी म्हणेल, कमेंटमध्ये म्हणतीलच, की हे सगळं सरकारचं काम आहे, संस्था म्हणजे सरकारला पळवाट. यात तथ्य आहे. पण माझा अनुभव असा की बऱ्या संस्था पळवाट बुजवतात. चेंबूरहून काम करणाऱ्या 'कोरो'च्या आणि इतर संस्थांच्या बायकांनी २०११ मध्ये राईट टू पी मोहीम काढली तेव्हा त्यांनी स्वतः संडास बांधले नाहीत, त्या शहरभर फिरून मोजत बसल्या की पुरुषांच्या मुताऱ्या किती आणि बायकांच्या किती, आणि पुरुषांना लघवी फुकट असताना बायकांकडून पैसे का घेतात. ती यादी घेऊन पालिकेत गेल्या. पाणी हक्क समितीने तर हायकोर्टात भांडून डिसेंबर २०१४ मध्ये हे मिळवलं की झोपडी कधीची आहे यावरून पाणी नाकारता येणार नाही. टँकर पाठवणं सोपं होतं. फोटोही चांगला आला असता.

फोटोवरून परत आमच्या एक्सेलवर.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ५०० कोटींची नेटवर्थ किंवा १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असेल तर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकामावर. १ एप्रिल २०१४ पासून लागू. त्याच्यामुळे पैसा प्रचंड आला, खोटं कशाला बोलू, माझी नोकरीच त्यातली आहे. पण हा पैसा वर्षावर मोजतात आणि आमची शबनमवाली ताई पहिले पाच महिने नुसता चहा पीत होती. तिला मी आज कुठल्या हेडखाली बसवू? आम्ही एका अभ्यासवर्गाला टॅब दिले, चांगले, कंपनीचा लोगो लावलेले. शिकवणाऱ्या मुलीचं मानधन वाढवून मागितलं होतं संस्थेने, आमच्याकडनं नाही गेलं, वस्तूला बजेट मिळतं, माणसाला मिळत नाही. ती मुलगी मॉलमध्ये लागली. टॅब कपाटात. माझ्या कॉलममध्ये त्या वर्षी लाभार्थी भरपूर, कारण टॅब वाटले त्या दिवशी सगळी पोरं आली होती. आणि परदेशी पैशाचं तर २०२० च्या दुरुस्तीनंतर आणखी अवघड झालंय, मोठ्या संस्थेला मिळालेला निधी छोट्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे गल्लीतली जी संस्था, जिला ना वेबसाईट ना इंग्लिश येणारा माणूस, तिचा नळच बंद.

मोजायचं तर कसं मोजावं याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण बांगलादेशचं आहे. तिथली 'ब्रॅक', १९७२ ची. १९८० पासून दहा वर्षं त्यांच्या बायका घरोघरी फिरल्या, सव्वा कोटीच्या आसपास घरं, आणि प्रत्येक आईला जुलाब झालेल्या बाळासाठी घरचं पाणी करायला शिकवलं, तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ. आणि त्या बायकांना पगार कसा, तर किती घरं केली यावर नाही. काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन त्यातल्या थोड्या आयांना विचारणार, सांगा कसं करायचं, करून दाखवा, आणि जितक्या आयांना बरोबर आठवेल तितके पैसे. मी हे आमच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं एकदा. सर म्हणाले, व्हेरी इंटरेस्टिंग, आणि पुढची स्लाईड.

तर आई म्हणाली खाडे कुठे मांडतेस, आणि मी चिडले, म्हटलं आई तुझं रजिस्टर वेगळं, हे ऑडिटला जातं. मग झोप येईना. दुसऱ्या दिवशी मी एक्सेलमध्ये हिरव्या कॉलमच्या शेजारी एक कॉलम टाकला आणि सहा संस्थांना मेल केला की या वर्षी तुमच्या वर्गातनं मध्येच सुटलेल्या मुलांची यादी आणि कारण पाठवा. दोघांचं उत्तर नाही. तिघांनी शून्य लिहून पाठवलं. एका संस्थेतनं, गोवंडीची छोटी संस्था आहे, तिथल्या बाईंचा फोन आला, आवाज अगदी हळू करून विचारतात, मॅडम, खरी यादी पाठवू ना?

पाठवली. हाताने लिहिलेल्या रजिस्टरचे मोबाईलवर काढलेले फोटो, एक्सेल वगैरे काही नाही. मी रात्री आईला वाचून दाखवत होते. गावी गेला, गावी गेली, घर तुटलं, लहान बहीण सांभाळते, जरीकामाला बसली, परत गावी. पाच नावांपुढे एकच शब्द, पाणी.

आई म्हणाली, विचार तिला, नळ किती वाजता येतो.

मी म्हटलं आता रात्रीचे दहा वाजलेत. म्हणाली मग काय झालं, मेसेज टाक. टाकला. पाच मिनिटांत रिप्लाय आला, सकाळी साडेदहाला येतो मॅडम, अर्धा तास.

आणि वर्ग?

साडेदहालाच.